वाटाड्या आता 'तू' म्हणतो

प्रिय अहो,

"तुम्ही पुढच्या सीटवर बसा, तिथून रस्ता दिसतो." तुम्ही माझ्याशी बोललेलं हे पहिलं धड वाक्य. त्याआधी एक अर्धवट वाक्य होऊन गेलं होतं, "काय गं, नाव काय तुझं?" आणि त्यावर मी, आठ वर्षांची, दोन वेण्या आणि नाकाच्या शेंड्यावर राग, तुम्हाला सुनावलं होतं की अनोळखी माणसांनी मला 'काय गं' म्हटलेलं चालत नाही. आईने मागून चिमटा काढला. तुम्ही मात्र डोक्यावरची टोपी काढलीत, "चुकलं बाईसाहेब," म्हणालात, आणि मला पुढची सीट दिलीत. मग रिकाम्या बसमधून डेपोला चक्कर मारून आणलंत, वळणावर हात कसा दाखवायचा तेही शिकवलंत. उतरल्यावर मी आईला सांगितलं, माणूस बरा आहे. पुढे तुम्ही आईशी लग्न करून आमच्या दोन खोल्यांत राहायला आलात, आणि ते 'तुम्ही' तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेबरोबर जे घरात शिरलं ते आजतागायत बाहेर पडलेलं नाही. दुधाचे दात पडले तेव्हाही "दुखतंय का हो तुम्हाला?" आणि गणितात नापास झाले तेव्हाही "तुम्ही मनावर घेऊ नका."

हे पत्र त्याच 'तुम्ही'बद्दल आहे. फोनवर सांगून झालं नसतं. फोनवर तुम्ही "बरी आहात ना? थांबा, आईला देतो" एवढंच बोलता आणि आई पुढचा सगळा वेळ घेते. कागदावरचं मात्र तुम्ही ओळीखाली बोट ठेवून शेवटपर्यंत वाचता, मग ते विजेचं बिल का असेना. तेव्हा बोट ठेवा. या 'तू' आणि 'तुम्ही'पायी गेले काही आठवडे माझ्या नोकरीत जी धमाल उडाली आहे ती आधी सांगते.

तसा मायना लिहिताना मला आजही हसू येतं. तुम्हाला हाक काय मारायची हा प्रश्न होता. बाबा म्हणायला जीभ वळेना, काका म्हटलं तर आई डोळे वटारायची. आई तुम्हाला 'अहो' म्हणायची, म्हणून मीही 'अहो' म्हणू लागले. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकाच्या कपड्यांत स्टेजवरून मी "अहो!" अशी जोरात हाक मारली, तर सभागृहातल्या अर्ध्या बाप्यांनी दचकून माना वर केल्या. तुम्ही तेवढे शांतपणे उभे राहिलात आणि म्हणालात, "माझं आहे ते." त्या दिवसापासून शेजारच्या शिंपीणबाई तुम्हाला 'सार्वजनिक अहो' म्हणायला लागल्या.

असो. तुम्ही निवृत्त झालात आणि दिवसभर खिडकीतून दुसऱ्यांच्या बसेसच्या चुका काढायला लागलात, तेव्हा आई वैतागून म्हणाली, यांना काहीतरी चालवायला दे. म्हणून मी 'दूरवाट' आणून दिला. माझ्याच कंपनीचा, कॉम्प्युटरवरचा खेळ, त्यातले मराठी संवाद माझे. मोठंच्या मोठं जग, डोंगर, नद्या, गावं. हवं तिथे जायचं, हवं त्याच्याशी बोलायचं. लोक त्यात राजाचा हरवलेला मुकुट शोधतात, राक्षस मारतात. तुम्ही एका गावात घोडागाडी विकत घेतलीत आणि उतारू पोहोचवायला सुरुवात केलीत. रस्त्याच्या डाव्या बाजूने. लांडगा आडवा आला तर त्याला आधी जाऊ देऊन. आई विचारायची, "अहो, त्या बिचाऱ्या राजाचा मुकुट कधी शोधणार?" आणि तुम्ही मान न वळवता, "वाटेत दिसला तर थांबू." माझ्या ऑफिसात ही गोष्ट सांगितली तर ध्वनी सांभाळणारी पोरगी हसून हसून खुर्चीवरून खाली आली.

त्या खेळात तुमच्याबरोबर चालणारा वाटाड्या तुम्हाला फार आवडायचा. कंदील घेऊन पुढे चालणारा, "अहो, जपून, इथे दरड आहे" म्हणणारा. त्याला 'तुम्ही' मी दिलं होतं. मूळ संहिता ज्या भाषेत येते तिच्यात 'तू' आणि 'तुम्ही' हा भेदच नाही. राजाला आणि कुत्र्याला एकच शब्द. त्यामुळे कोण कुणाला काय म्हणतं हे माझ्या टेबलावर ठरतं. 'तुम्ही'ची एक सोयही असते. खेळणारा पुरुष असो की बाई, "कुठे निघालात?" दोघांना चालतं. 'तू' म्हटलं की "निघालास" वेगळं आणि "निघालीस" वेगळं. प्रत्येक वाक्य दोनदा लिहायचं, दोनदा रेकॉर्ड करायचं.

खेळाच्या दुसऱ्या भागात मी तेच केलं, वाटाड्याला 'तू' दिलं. मला वाटलं, गोष्टीत मध्ये इतकी वर्षं गेलीत, ही दोघं इतकी वाट एकत्र चाललीत, आता वाटाड्या परक्यासारखा 'तुम्ही' कसा म्हणेल? आमचा प्रमुख, ज्याला आम्ही पाठीमागे कॅप्टन म्हणतो आणि ते त्याला आवडतं, दुप्पट रेकॉर्डिंगच्या नावाने ओरडला. पण मी हटून बसले. हट्ट तुम्ही पाहिलेला आहे. खेळ बाजारात आला, आणि पहिल्याच दृश्यात वाटाड्या कंदील उचलून म्हणाला, "ए, तिकडे कुठे निघालास?"

अहो, काय गदारोळ! मी डबा खाता खाता लोकांची मतं वाचायचे आणि घास हातातच राहायचा. तक्रारी इतरही होत्याच. जग दुप्पट झालंय पण करायला निम्मं, पहिल्या भागाची सर नाही, घोडा पायऱ्यांवर अडकतो. पाऊस कसला सुंदर पडतो म्हणून कुणी पाच तारे दिलेले, त्याच पावसात काही दिसत नाही म्हणून कुणी एक. पण मराठीत खेळणाऱ्यांची खरी जुंपली ती वाटाड्यावरून. "ओळख ना पाळख, एकदम अरेतुरे? हा कोण टिकोजीराव?" "माझी सासूसुद्धा मला अहो-जाहो करते, आणि हा कंदीलवाला मला ए म्हणतो." "आमचा वाटाड्या बिघडवून ठेवलात. पैसे परत द्या." त्याला लगेच कुणीतरी उत्तर दिलेलं, "अरे, तो आता आपला झाला, म्हणून तू म्हणतोय. तुला घरी सगळे तुम्ही म्हणतात का रे?" त्यावर पहिल्याचं, "तू मला अरे का म्हणतोस?" आणि मग त्या दोघांचंच भांडण पानभर. एका बाईने लिहिलं होतं, "पहिल्यांदा 'निघालीस' ऐकलं आणि मी खेळ थांबवून बसून राहिले. मागचा सगळा भाग मी चालले, पण मी बाई आहे हे त्या जगाला ठाऊकच नव्हतं." ते वाचून मी डबा बंद केला आणि उगाचच जिन्यावरून दोनदा खाली-वर करून आले. इतका आनंद झाला होता की बसवेना.

कॅप्टन मात्र आकडे बघत होता. निम्मे खूश, निम्मे नाराज, म्हणजे त्याच्या भाषेत सगळे नाराज. पुढच्या सुधारणेत, म्हणजे विकलेल्या खेळाची जी डागडुजी आम्ही मागाहून पाठवतो तीत, वाटाड्याला मुकाट्याने पहिल्यासारखं 'तुम्ही' करा, आणि तुमचे हे भाषेचे लाड यापुढे बंद, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मला एक आठवडा दिला, तोही उपकार केल्यासारखा. म्हणजे तिसऱ्या भागाला माझी गरज राहणार की नाही हेही त्यातच आलं. मी आईला यातलं काही बोलले नाही, कारण आईने ऑफिसात फोन केला असता.

आणि मग मला ते मत सापडलं. लिहिणाऱ्याचं नाव 'डावीकडून चला'. पाचपैकी तीन तारे. "पुलाला कठडे नाहीत. संध्याकाळनंतर गाडीला दिवा हवा. घोडा वळताना इशारा देत नाही. रस्ते पहिल्यापेक्षा चांगले, बांधणाऱ्यांचं कौतुक. संवाद लिहिणाऱ्या बाई हुशार आहेत, त्यांना कोणी काही बोलू नये. फक्त वाटाड्या आता तू म्हणतो, ते पटलं नाही. मागच्या गाडीने पुढच्या गाडीपासून अंतर राखावं. समोरच्याने हात दाखवून जवळ बोलावल्याशिवाय ते कमी करू नये. मग कितीही वर्षं एकाच रस्त्यावर असोत."

मी आईला फोन केला, हे कोण लिहितंय म्हणून. तर ती म्हणते, "मला काय विचारतेस, तुझ्या अहोंना विचार," आणि मागून कुणीतरी जोरात खोकलं. तो खोकला मी ओळखते. डेपोत साहेब आला की तुम्ही तसेच खोकायचात.

तुमचं मत मी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं आणि कॅप्टनला तिथेच बोलावलं. म्हटलं, वाटाड्या 'तुम्ही'च म्हणेल. पण काही वाट बरोबर चालल्यावर शेकोटीपाशी दोघं बसतात, तिथे खेळणाऱ्याला बोलायला जी वाक्यं मिळतात त्यांत एक वाक्य वाढवू: "मला तू म्हण की." ते निवडलं तर पुढे 'तू'. नाही निवडलं तर तो शेवटच्या डोंगरापर्यंत 'तुम्ही' म्हणेल, टोमणा न मारता. कॅप्टन म्हणाला, "आणि कोणी निवडलंच नाही तर? ते सगळं दुहेरी रेकॉर्डिंग वाया?" मी म्हटलं, वाया कशाला जाईल, तयार राहील. त्याने भिंतीवरचं तुमचं मत वाचलं. मग म्हणाला, "हा डावीकडून चला कोण आहे? याला नोकरीवर घेता येईल का?" गेल्या आठवड्यात ती सुधारणा बाहेर पडली. लोकांची मतं अजूनही मिश्रच आहेत, घोडा अजूनही पायऱ्यांवर अडकतो, पण वाटाड्यावरून कोणी भांडत नाही. उलट कोणी कुठे पोहोचल्यावर ते वाक्य निवडलं हे एकमेकांना सांगताहेत, साखरपुडा झाल्यासारखं. आणि तिसऱ्या भागाचे संवाद मीच लिहिणार आहे. पुलाला कठडेही बसणार आहेत. ते मी भांडून मिळवले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. इतकी वर्षं मी समजत होते, 'तुम्ही' ही तुमची गंमत आहे. आपल्या दोघांचा जुना विनोद, इतरांना न कळणारा. मला तो आवडतो, आणि माझ्या मैत्रिणींना त्याचा हेवा वाटतो. पण तुमचं मत वाचताना कळलं, तुम्ही विनोद करत नव्हतात, अंतर राखत होतात. मी हात दाखवायची वाट बघत. आणि मी आपली पुढच्या सीटवर बसून रस्ता बघण्यात दंग. तर अहो, हा हात दाखवला. लेखी आहे, कुठेही दाखवा. रविवारी मी घरी येईन. दार तुम्हीच उघडाल, कारण आई बेल वाजली की "बघा हो" म्हणून मोकळी होते. तेव्हा नेहमीच्या "आलात?" ऐवजी एकदा "आलीस?" म्हणाल का? मला माहीत आहे, तुम्ही नाही म्हणाल. म्हणाल, या वयात गिअरबॉक्स बदलत नाही बाईसाहेब, आहे त्यावर गाडी छान पळते. कान लाल होतील, चष्मा पुसायला घ्याल आणि आईला हाक मारून पुढे कराल. कराच. मी रागावणार नाही, हसत आत येईन. पण निदान विचारलं नाही असं राहायला नको, म्हणून विचारते. एकच शब्द आहे, दुहेरी रेकॉर्डिंगही लागणार नाही, कारण ऐकणारी एकटी मीच. म्हणाल?

तुमचीच,
बाईसाहेब