ताईच्या कॉलरचा माईक

प्रिय ताई,

घशाला आराम म्हणून तुला फोनवर बोलायची बंदी, म्हणून हे पत्र. तसंही फोनवर मीच बोलत सुटले असते, हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालं आहे.

फार दमले आहे गं. दोन दिवस तो रेकॉर्डर घेऊन बसले आहे. सोमवारच्या ऑपरेशनमध्ये तुझा आवाज जाणार, तो आधी भरून ठेवू, ही कल्पना माझीच. दुकानदार म्हणाला, "आजी, नुसती पिन खुपसायची, लहान मूलही करेल." मग लहान मुलालाच विकायचं होतं! यंत्राच्या कडेला दोन छिद्रं, जुळ्या बहिणींसारखी. एक माईकचं, एक इअरफोनचं. ओळखायला मुंगीच्या पावलाएवढी चित्रं. बनवणाऱ्याला आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरनी दिवसभर बाकावर उभं केलं असतं. मी पिन इअरफोनच्या छिद्रात घातली. दिवा लागला, आकडे पळू लागले, मला वाटलं जमलं.

परवा तुझ्या कॉलरला लावलेला माईक दोन तास नुसता दागिन्यासारखा लटकत होता. यंत्राने आपल्या पोटातल्या माईकने ऐकलं, आणि यंत्र होतं माझ्या मांडीवर. तू पार खिडकीपाशी, आवाज आधीच खरखरलेला. तुझं काहीतरी पुसट ऐकू येतं आणि त्यावर मी, ठणठणीत. "छत्री काळी नव्हती, निळी होती." "आई तेव्हा नाही, नंतर अंथरुणाला खिळली." तू म्हणतेस, शाळा सोडली तेव्हा चौदा वर्षांची होते, मी लगेच, "सोडलीस कुठे? नापास झालीस म्हणून घरी बसलीस." अडतीस वर्षं मी ऑफिसात साहेबांचं डिक्टेशन घेतलं, एक शब्द सांडला नाही. सख्ख्या बहिणीचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

सगळं पुसून टाकणार होते. मग एक जागा सापडली. चहा करायला उठताना मी यंत्र तुझ्याशेजारी खिडकीत ठेवलं होतं. आधी तुझा खोकला, मग खुर्ची करकरली, मग तू, अगदी जवळून, यंत्रालाच सांगितल्यासारखं, "नापास नव्हते झाले मी. प्रगतीपुस्तक बाबांना दाखवलंच नाही. आईचं करायला घरी कोणीतरी हवं होतं, आणि ही टकळी तर..." तेवढ्यात कपांचा खणखणाट आणि माझा आवाज, "साखर किती?" इतकी वर्षं तुझा चहा करतेय, आणि विचारते साखर किती!

साठ वर्षं मी तुला चारचौघांत नापास म्हणत आले आणि तू एकदाही माझं तोंड फोडलं नाहीस, याचाच मला जास्त राग येतोय. आता ऐक. शनिवारी सकाळी येते आहे. डॉक्टरांना विचारलंय, हळू बोललीस तर अर्धा तास चालेल. माईकच्या छिद्राशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, पिन तिथेच जाईल. माईक तुझ्या कॉलरला लावीन, बटण दाबीन आणि दार ओढून बाहेर पायरीवर जाऊन बसेन. चहा थर्मासमध्ये असेल, दोन चमचे साखरेचा. तू 'ही टकळी तर' इथूनच सुरू कर.

तोंड मिटून वाट पाहणारी, तुझीच
टकळी