येतो म्हणून गेलेल्यांची पानं

३ डिसेंबर, बुधवार

नाय गं बाई, मी कायबी दाबलेलं नाय! प्रियाला फोनवर दहादा सांगितलं. सूनबाईंना पटंल तर ना. "आई, बंद पडायच्या आधी काय करत होतात?" — कडवे वाल सोलत होते! ऑफिसात होती, हसू दाबताना तिचा आवाज चिरका झाला. तिला असं चारचौघांत अडचणीत आणायला मला लय आवडतं.

झालंय असं — मागच्या दोन खोल्यांचं बुकिंग यांच्या लॅपटॉपवर येतं. पळसदरीला धरण बघायला येणारे पाहुणे सगळे इंग्रजीत लिवणारे. म्हणून माझ्या लेकानं, किशोरनं, त्यात भाषांतराचं प्लगिन टाकून दिलं. त्यांचं मला मराठीत दाखवतं, माझं त्यांना इंग्रजीत धाडतं. मी त्याला दुभाषा म्हणते. तर हा दुभाषा सकाळपासनं मरतोय. कोपऱ्यात पाटी येते — क्रॅश झालं, पुन्हा सुरू करा. करते. दोन ओळी बोलतो की परत आडवा!

५ डिसेंबर, शुक्रवार

प्रिया बोलली, बंद करून चालू करा. केलं. मंग बोलली, काढून टाका आणि परत घाला. काढला, घातला. ब्राउझर नवा करून घ्या. घेतला.

"आई, जरा धीर धरा."

"मी धरलाय गं. त्याला सांग धरायला."

संध्याकाळी उठला एकदाचा. नाताळच्या आठवड्याचं बुकिंग! "नमस्कार, आम्ही सहा" — सहा काय? माणसं का म्हशी? तेवढ्यात मेला परत मेला.

६ डिसेंबर, शनिवार

किशोर आला भिसेगाववरनं. जेवला, ढेकर दिला, मंग मुद्द्यावर आला. "आई, नाताळचा आठवडा नीट गेला तर ठीक. नायतर नव्या वर्षापासनं खोल्या बंद. तू आमच्याकडं यायचं."

तिसऱ्या मजल्यावर! तिथं मी काय करू? लिफ्टमधनं वरखाली?

भांडले नाय. माझं एकच वाक्य बोलले — "तुझ्या बाबांची इच्छा होती खोल्या चालू ठेवायची." झालं! बाबांचा विषय निघाला की पोरगं खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागतं. आज तर पायात चप्पल होती!

८ डिसेंबर, सोमवार

दुभाषा नाय तर नाय, मी मुकी हाय काय? पुण्याच्या एका बाईचं इंग्रजी पत्र आलेलं. एकोणिसाव्या तारखेचं बुकिंग तिचं. शेवटी प्रश्नाचं चिन्ह होतं. गिऱ्हाईक काय विचारणार — गरम पाणी हाय का, गाडी लावायला जागा हाय का. ठोकून दिलं, येस. वेलकम!

रातच्याला बुकिंग रद्द. प्रियानं वाचून सांगितलं — बाईनं विचारलेलं, तिकडं साप निघतात का.

येस. वेलकम.

धाऊला सांगितलं. ती वाडीवरनं येते माझ्याकडं भाकऱ्या करायला. परातीवर हात आपटून हसली. "खोटं कुठं बोललीस गं? निघत्यात की!"

हसलो दोघी. पण एक खोली गेली. किशोरला कळलं तर?

११ डिसेंबर, गुरुवार

तसंच. माणूस असता तर पेज पाजून उठवला असता!

१२ डिसेंबर, शुक्रवार

प्रिया फोनवर — "आई, वर टॅब किती उघडे दिसतात?"

"दिसत नाय गं. बारीक बारीक झालेत. माशाच्या खवल्यांवानी."

मंग बोलली, "रविवारी येते. कशाला हात लावू नका."

१४ डिसेंबर, रविवार

आली. लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात! "आई, ही दोन वर्षांपूर्वीची माणसं! यांची पानं अजून उघडी? दुभाषा या सगळ्यांचं भाषांतर करत बसतो. मरणारच की तो!"

आता आली का पंचाईत. मी बोलले, "अगं, सगळे येतो म्हणून गेलेत. येतो म्हणून गेलेल्याच्या तोंडावर दार कसं लावू?"

तिला वाटलं मी चेष्टा करते. मंग माझ्याकडं बघितलं आणि हसायची थांबली. बोलली, "दार नाही लावत आपण. नावं जपून ठेवू. आले की उघडू." एकेक पान मिटत गेली. मी बाजूला बसून एकेकाला बोलत होते — या हो परत. ते ठाण्याचे भाऊ, रस्सा पिऊन रडलेले. ती नवी जोडी, आठ दिवस दार न उघडलेली! प्रिया लाजली. मुद्दामच सांगितलं.

शेवटी एकच राहिलं. सगळ्यात डावीकडचं. मी तिचा हात धरला. "ते यांचं. राहू दे."

मेल होता, एका पाहुण्याला लिवलेला. अर्धवट. यांच्या हातचं इंग्रजी. त्या संध्याकाळी लिवता लिवता उठले, "दूध घेऊन येतो गं" बोलले, आणि डेअरीच्या पायरीवरच बसले ते परत उठलेच नाय.

प्रिया वाचत होती. तिला कुठं दुभाषा लागतो! ओठ हलत होते, ते थांबले. माझ्याकडं बघितलं. मी वाल सोलायला घेतले.

कायतरी दाबलं तिनं. बोलली, "या पानाचं भाषांतर कधीच करायचं नाही, असं सांगून ठेवलंय त्याला." लॅपटॉप मिटवत — "मी पण नाही करणार."

जाताना डबाभर बिरडं दिलं. जरा जास्तच दिलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

दुभाषा ठणठणीत! सहा माणसंच निघाली. विचारतात, म्हशी बघायला मिळतील का.

२६ डिसेंबर, शुक्रवार

दोन्ही खोल्या भरल्या. किशोर स्वतः गाद्या टाकून गेला. बोलला, "चालू दे आई. बाबांची इच्छा होती ना." प्रिया शेजारीच उभी. चादरीची घडी करत राहिली.

यांनी मला त्या संध्याकाळी मराठीत वाचून दाखवलेलं. त्या पानात लिवलंय — उन्हाळ्यापासनं खोल्या बंद करतोय, बायकोला घेऊन मुलाकडं राहायला जातोय.

त्यांची इच्छा नव्हती. माझी हाय.