चिंचेखालचा दगड

सानगडी,
रविवार, २ सप्टेंबर १९८४

चि. श्रावण यास,

सत्यवतीताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. धानाची रोवणी आटोपली, पोळा झाला, बैलांना आईनेच ओवाळलं. भिलाईला तू आणि सौ. चंद्रकांता सुखरूप असाल.

तुझं पत्र मिळालं. 'आईला नमस्कार' एवढी एक ओळ आणि बाकी सगळे करकोचे! घरटी किती झाली, अंडी फुटली का, पिलं माना वर काढतात का, रविवारच्या फेरीला कोण येतं. दोन वर्षांत बहिणीची आठवण झाली ती पाखरांच्या चौकशीपुरती, असो. घरट्यांचं पुढे लिहिते. आधी तुझ्या फेरीचं ऐक.

पाखरं बघायची फेरी चालू आहे, कारण तू जाताना ती माझ्या गळ्यात मारून गेलास. आठवडाभर शाळेत पोरं आवरायची आणि रविवारी सकाळी म्हातारी पोरं. रंभाबाई लालभडक लुगडं नेसून येते. मी म्हटलं, अगं, पाखरं बुजतात. तर म्हणाली, "पाखराईले भेटाले जाऊन राहिलो, मंग काय फाटकं नेसून येऊ?" आमचे टिकाराम गुरुजी दुर्बीण उलटी धरतात आणि "लय दूर गेले बाप्पा" म्हणून मला परत देतात. आज तलावाच्या पाळीवर एक जांभळी पाणकोंबडी दिसली, तिला गुरुजी मोठ्याने "ये ये" म्हणाले. ती गेली. बोलून बोलून माझा घसा बसला आहे.

एक मात्र तुझी शिकवण सगळे पाळतात. पावलं वाजू नयेत म्हणून चपला करकोच्यांच्या चिंचेखाली काढायच्या आणि तलावाच्या पाळीवर अनवाणी चालायचं. त्याच चपलांनी घात केला, श्रावण. आठवतं ना, बाजाराला आलेल्या दोन परगावच्या बायांनी ती चपलांची रांग पाहिली आणि चिंचेला हात जोडून गेल्या? तू किती हसला होतास! आणि तिथेच तुझ्या डोक्यात शिरलं.

त्या दिवसांत भैय्याजी किराणावाले झाड तोडायला टपलेच होते. करकोच्यांची सगळी घाण त्यांच्या छपरावर पडते, वासाने गिऱ्हाईक येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटंही नव्हतं. त्यांना समजावून तू थकलास. मग आपल्या न्हाणीतला टाच घासायचा दगड नेऊन चिंचेच्या बुडाशी ठेवलास, वर शेंदूर फासलास आणि मला म्हणालास, "ताई, आता कोणाची छाती होते कुऱ्हाड लावायची ते पाहतोच." आठ दिवसांनी भिलाईची गाडी धरलीस.

कुऱ्हाड कोणी लावली नाही. तुझं खरं झालं. आता पुढचं ऐक.

पहिल्या वर्षी नारळ आले. दुसऱ्या वर्षी ओटा झाला. कोणाची गाय सापडली, कोणाची पोरगी उजवली, झाली देवी जागृत. आणि देवीचे सगळ्यात मोठे भक्त कोण? भैय्याजी! नारळ त्यांच्याच दुकानात मिळतो. उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले, "देवीच्या डोक्यावर पाखरं हागून राहिले ताई, हे बरं दिसते का?" मी सांगितलं, बरं दिसतं. ते हसले आणि त्यांनी देवीवर टिनाचं छप्पर टाकलं.

आता घरट्यांचं लिहिते. टाळून टाळून किती टाळू?

करकोचे आषाढात आले होते. काड्या आणायला लागले होते, मिटल्या चोचीतलीही फट दिसेल इतके खाली येत. नागपंचमीला भैय्याजींनी भोंगा आणला आणि सगळ्यात जास्त घरटी असतात त्याच फांदीला बांधला. मी भांडले. शाळा सोडून, पदर खोचून भर चौकात भांडले. लोक म्हणाले, मास्तरीणबाईला देवीचं वावडं आहे. दिवसभर भजनं, खाली ढोल. पाखरं तलावावर घिरट्या घालत राहिली, दुसऱ्या दिवशीही आली, पण टेकली नाहीत. अर्धवट काड्या पुढच्या पावसात गळून पडल्या. कोणी म्हणतं आसगावकडे दिसली, कोणी म्हणतं नाही. तर घरटी किती? एकही नाही. झाड मात्र उभं आहे, हिरवंगार.

मग मी कुणाला खरं का सांगितलं नाही, असं तू विचारशील. सांगायलाच निघाले होते. दगड उचलून भैय्याजींच्या दारात आपटणार होते. चिंचेखाली गेले तर ओट्यावर आई बसलेली.

आईचं तुला लिहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. माणूस आवाजावरून ओळखते. बैलांना ओवाळलं तेही मी हात धरून. ती रोज सकाळी काठी टेकत चिंचेखाली जाते आणि दगडावर हात ठेवून बसते. मला वाटायचं, आईलाही देवी पावली. त्या दिवशी मी रागाने म्हटलं, "आई, तुला माहीत आहे का हा कसला दगड आहे?"

ती म्हणाली, "माहीत नाही तं काय? न्हाणीतला होय. हा कोपरा बादलीनं फुटला होता, हात लावला तवाच समजलं."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलून काय करू? देव नाही म्हटलं का भैय्याजी झाड तोडते. झाड गेलं का पाखरं गेले. पाखरं गेले तं श्रावण कायले येईल वं इकडे?"

मला राग आला, श्रावण. तुझा, भैय्याजींचा, त्या दगडाचा, आणि सगळ्यात जास्त आईचा. दोन वर्षं ती देवापुढे नव्हे, तुझ्यासाठी झाड राखत बसली आहे. मी काही बोलणार तेवढ्यात तिने टिनाकडे मान वर केली.

"आहेत नं वर? पिलं मोठे झाले असतीन आता."

मी म्हटलं, "आहेत."

तेव्हापासून ती रोज विचारते आणि मी रोज हेच सांगते. भोंग्यामुळे आवाज येत नाही, टिनामुळे काही दिसत नाही, असं तिला पटवलं आहे. शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं करते आणि घरी हे करते.

आता नीट वाच. या महिन्यात, घट बसायच्या आधी, साकोलीला डोळ्यांचं शिबिर आहे. आईचं नाव दिलं आहे. ती तयार झाली, पण म्हणाली, "डोये आले का पह्यले चिंचेवरचे पिलं पाहीन. मंग श्रावणले आपल्या हातानं पत्र लिवीन." दिवस कळला की तार करते. शिफ्टचं, साहेबांचं, सासरच्या लग्नाचं काही लिहू नकोस. दगड आणायची अक्कल तुझी होती, तो न्हाणीत परत न्यायलाही तूच ये. गावाला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून सांगू आणि शिव्याही मिळून खाऊ.

तिची पट्टी सुटेल तेव्हा समोर तू उभा राहा. म्हणजे तिला वर पाहावं लागणार नाही.

तुझ्या वाटेकडे आईहून जास्त डोळे लावलेली,
सत्यवतीताई