खैऱ्याचं अंगण

पारगाव, मार्च २००३

दादाभाऊ,

चाकणला नीट पोचलास ना?

मेंढरं विकून तू कंपनीत लागलास, तवापासनं तुझा खैऱ्या माझ्याकडं हाय. मोतीबिंदूनं त्याची नजर पार गेली, हे कळल्याबरोबर तू काल टेम्पो घेऊन आलास. म्हणालास, "आक्का, आंधळं कुत्रं सांभाळायचा ताप तुला कशाला?" मी अडवलं न्हाई. कुत्रं तुझं व्हतं.

तुझा आवाज ऐकून तो शेपूट हलवत आला, तुझे हात चाटले. पण टेम्पोत ठेवल्याबरोबर लटलटा कापायला लागला. तू त्याला खाली उतरवलंस, तसा तो जात्याला वळसा घालून, शेळीच्या खुंट्याला न अडखळता, सरळ चुलीमागच्या आपल्या पोत्यावर जाऊन बसला. मी अंगणातली एक वस्तू हलू देत न्हाई. तुझ्या दाजींनी बाज सावलीत सरकवली तरी भांडते.

ते तू बघितलंस. मग म्हणालास, "आक्का, हितं त्याला दिसतंय की."

आन् तोंड धुवायच्या निमित्तानं हौदाकडं गेलास. तू डोळे पुसलेस ते मी पाहिलं. तुला ते कळू द्यायचं न्हाई, म्हणून हे पत्र काही मी टाकायची न्हाई.

टेम्पो रिकामा गेला. मग मी खैऱ्याला दूधभाकरी चारली, आन् सकाळपासनं पहिल्यांदा मीबी चार घास खाल्ले.

तुझी आक्का,
गजरा