मोजून पाणी

अंबाजोगाई,
९ जानेवारी २०२५

चि. नवनाथ यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

फोनवर तू होय ताई म्हणतोस आणि नंतर तुला हवं तेच करतोस, म्हणून दवाखान्यात डबा घेऊन येणाऱ्या बंकटच्या हाती हे लिहून पाठवते आहे. आईच्या रक्तातलं मीठ उतरलंय असं मी कळवलं, तर तू उज्ज्वलाबरोबर मीठ-साखरेचं पाणी पाठवलंस. मी औषधं आणायला खाली गेले तेवढ्यात तुझ्या बायकोनं अख्खी बाटली पाजली. आज सोडियम आणखी खाली आलं. आता झटके येऊ शकतात, असं डॉक्टर म्हणाले.

मीठ कुठं हरवलेलं नाही रे. न्यूमोनियामुळं तिचं शरीर पाणी धरून ठेवतंय. त्या पाण्यात मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. ती बरळते ते म्हातारपणानं नाही. म्हणून पाणी मोजून द्यायचं, आणि मोजणारी मी आहे. यापुढं माझ्यामागं कुणी पेला उचलला तर त्याला वॉर्डाबाहेर काढीन, भावजय असो की सरपंच.

राग धर, पण मायाही धर.

तुझी ताई,
यशोधरा

घाटनांदूर,
१० जानेवारी

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून उज्ज्वला रडली. तू कॉन्व्हेंटात शिकलीस, तुला डॉक्टरची भाषा कळते. आमाला फक्त आईची तहान दिसते. उज्ज्वला सांगत होती, आई तुला पाटलीणबाई म्हणते आणि ओंजळ पुढं करून पाणी वाढा म्हणते. लहानपणी माहेरच्या विहिरीवर ती अशीच उभी राहायची. वरून कुणी ओतलं तरच घागर भरायची. ऐंशीव्या वर्षी तिला परत तिथंच उभं करायचं, आणि विहिरीवर कोण, तर तिचीच लेक? मला हे पटत न्हाई. उद्या मी येतो. तिनं मागितलं तर मी देणार हाय.

चुकलं तर कान धर, पण परकं करू नको.

तुझा,
नवनाथ

अंबाजोगाई,
१३ जानेवारी

चि. नवनाथ यास,
अ. उ. आ.

परवा बाटली घेऊन छाती काढून आलास. आईनं तुलाही ओळखलं नाही, पाटील म्हणून हात जोडले, आणि तू बाटली न उघडताच व्हरांड्यात पळालास. तिथं काय केलंस ते मी पाहिलं. उज्ज्वलाला सांगणार नाही. ती मला पाटलीणबाई म्हणत होती ते चार दिवस मला सोपे गेले असं मात्र समजू नकोस.

कॉन्व्हेंटचा टोमणा विसरणार नाही. आईनं तुलाही तिथं घातलं होतं. तूच भिंतीवरून उडी मारून घरी आलास.

सोडियम चढतंय, खोकलाही कमी आहे. आज सकाळी आईनं सिस्टरला जवळ बोलावून माझी तक्रार केली, की माझी यशोधरा लई खडूस हाय, पोटची पोर असून घोटभर पानी देत न्हाई. साऱ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

मला ऐकू आलं नाही असं सांगून मी आईला ते परत म्हणायला लावलं.

उज्ज्वलाला घेऊन ये. दोघांवर माझा जीव आहे, तुमचाही असू द्या.

तुझी खडूस ताई