हातावरचा शिक्का रद्द करून मुलीकडे मस्कतला जाऊ देण्याबाबत

दिनांक : ११ ऑगस्ट २०२०

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
तात्पुरते कोविड तपासणी केंद्र,
मासळी जेट्टी, उत्तन, भाईंदर (पश्चिम)

अर्जदार : सौ. आयरिन ॲड्रियन मुनीस, राहणार उत्तन

विषय : चुकीच्या रांगेत उभी राहिल्याने डाव्या हातावर बसलेला 'होम क्वारंटाइन'चा शिक्का तातडीने रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्रातील श्री. धर्मेश यांच्याशी आज सकाळी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

१) उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविते की, माझे पती ॲड्रियन मस्कत येथे हॉटेलात स्वयंपाकी आहेत. आमची मुलगी टिना, वय वर्षे तीन, त्यांच्यापाशी आहे. मार्चमध्ये माझे वडील वारले म्हणून मी एकटीच मातीला आले आणि विमाने बंद झाली.

२) गेल्या आठवड्यात पतींना कोरोना होऊन रुग्णालयात नेले. टिना सध्या तिथल्याच शेजारच्या संजना नावाच्या नर्सबाईंकडे आहे. त्यांची ड्यूटी कोविड वॉर्डातच असते आणि कालपासून त्यांना खोकला आहे. त्यांनाही नेले तर माझी मुलगी कोणाच्या घरी जाईल, हे मला माहीत नाही. याच्या पुढचा विचार माझ्याने करवत नाही. पुष्कळ खटपटीने परवा गुरुवारच्या विशेष विमानात मला जागा मिळाली आहे.

३) आता चूक कशी झाली ते सांगते. सासूबाईंना वयामुळे जेट्टीवर येण्यास मनाई आहे, म्हणून शनिवारी त्यांच्या जागी मी मासळी घ्यायला गेले. बोटी पुन्हा सुरू झाल्यापासून मच्छीमार सोसायटी बायकांच्या हातावर परवानगीचा शिक्का मारते. शिक्का असेल तिलाच लिलावात उभे राहता येते. त्यामुळे शिक्क्याचे टेबल दिसले की आमच्या बायका पदर खोचून धावतात. मीही धावले. ते टेबल आपल्या तपासणी केंद्राचे होते. दोन खलाशी पॉझिटिव्ह निघाल्याने त्यांच्या संपर्कातील लोकांसाठी ते लावले होते, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. उलट दोघींना मागे सारून मी पुढे घुसले, नाव सांगितले आणि हात पुढे केला. त्या खलाशांना मी आजवर पाहिलेलेही नाही. शिक्का २२ तारखेपर्यंतचा आहे.

४) शाई उठत नाही. लिंबू, रॉकेल, राख, तारेची घासणी, सगळे करून झाले. कातडे सोलले, अक्षरे तशीच आहेत. असा हात दिसला की विमानतळावरून परत पाठवतात, असे ऐकते.

५) श्री. धर्मेश म्हणाले, "मॅडम, शिक्का कॅन्सल करायला तुम्हाला पर्सनली यावं लागेल. पण शिक्का आहे ना, मग घराबाहेर पडू नका, केस होईल." मग मी करू काय, असे विचारले, तर म्हणाले, "अर्ज करा." म्हणून हा अर्ज शेजारी श्री. उत्तम यांच्या हाती पाठवीत आहे. सासूबाई म्हणतात, "रडू नको गो, डॉक्टरला पन पोरा हायत." आपणास मुले आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही, तरी लिहिते.

६) महोदय, मला फार भीती वाटते. आजार खरेच अंगात असला आणि मीच तो तिच्यापर्यंत नेला तर, अशीही वाटते. म्हणून सारखी सुक्या बोंबलांचा डबा उघडून हुंगत असते. वास येतो. घरी येऊन नमुना नेलेल्या लॅबचा अहवालही निगेटिव्ह आहे. टिनाला वाटते, आई फोनमध्येच राहते. काल तिने बिस्किट फोनच्या काचेला लावले आणि मी खाल्ले नाही म्हणून ती रडली.

७) तरी शिक्का चुकून बसल्याचे आपण एका ओळीत लिहून सही करून द्यावे, किंवा कोणाला तरी पाठवून माझी पुन्हा तपासणी करावी. दारातून करा, खिडकीतून करा, माझी काही हरकत नाही. गुन्हा दाखल करायचा असल्यास मी परत आल्यावर करावा. मात्र उद्या संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही, तरी गुरुवारी सकाळी मी बॅग घेऊन निघणार आहे. काशीमीऱ्याच्या नाक्यावर पोलिसांनी अडवले तर हात लपवणार नाही. टिनाला मी येतेय असे सांगून बसले आहे, आणि कालपासून ती पायातले बूट कोणाला काढू देत नाही.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,

(सही)
आयरिन ॲड्रियन मुनीस

सोबत : लॅबचा अहवाल, विमानाचे तिकीट, हाताचा फोटो, टिनाचा जन्मदाखला (मूळ प्रत आहे, कृपया परत द्यावी, गुरुवारी लागेल).