कव्हरस्लिपखालचा बुडबुडा

ब्रह्मपुरी, १५ डिसेंबर २०२५

प्रिय शहजादी,

शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या जुन्या शाळेतल्या चाळीस मुलींसमोर धडधडीत खोटे बोललीस. रत्नागिरीहून पडद्यावर तारामाशाचे पिल्लू दाखवत म्हणालीस, "हे आत्ता, या क्षणी माझ्या मायक्रोस्कोपखाली जिवंत आहे." मुली हरखल्या. वैनगंगेकाठच्या पोरींनी समुद्र कुठे पाहिलाय? मोहरीहून लहान, काचेसारखा आरपार जीव काळ्या पार्श्वभूमीवर नुसता बाजूच्या उजेडाने चमकत होता. त्यांतली पुनम तर ओरडलीच, "बाई, याच्या पोटातलं खाणं बी दिसून राह्यलं!"

मला मात्र कोपऱ्यातला बुडबुडा दिसला. तो माझा होता. मागच्या डिसेंबरात तुझ्या प्रयोगशाळेत पिल्लावरची ती पातळ काच, ती कव्हरस्लिप, मीच ठेवली होती आणि तू करवादली होतीस, "आधी तिरपी टेकव, मग सोड. भाकरी थापतेस काय?" त्या वेळचे चित्रीकरण मी ओळखणार नाही, असे तुला वाटलेच कसे? पुनम म्हणाली, "मॅडम, थोडं डावीकडे सरकवा ना." तू म्हणालीस, रेंज गेली. आवाज तर खणखणीत येत होता तुझा.

दोन दिवस मी घरात येरझारा घालतेय. भाजी करपली, दूध उतू गेले. शहजादी आणि फसवणूक? कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना मेणाचे बारीक पाय लावले की पिल्लू चिरडत नाही, हे मला तू शिकवलेस. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने तू त्यांना अशी उचलायचीस की एकही बाहू मोडत नसे. वरोऱ्याला तुझ्या अब्बांच्या शिलाईच्या दुकानात बारीक सुईत दोरा ओवायलाही तुलाच हाक जायची.

मग एकेक आठवू लागले. ऑगस्टपासून व्हिडिओवर तू चेहरा दाखवतेस, हात नाही. फोनवर चहा पिताना कपबशी खळखळते. विचारले, तर म्हणालीस, मांजर आहे. मांजर दिसले की तुला शिंका येतात, बये! कोणाला सांगतेस?

हात कापतो तुझा. उजवा की दोन्ही, एवढेच मला ठाऊक नाही. जिवंत पिल्ले हाताळणे तू सोडलेस, आणि मला सांगण्यापेक्षा चाळीस मुलींना फसवणे तुला सोपे वाटले, हा माझा खरा संताप आहे. जानेवारीत मी येते. तू खुर्चीत बसून हुकूम सोड, शिव्या घाल. हात माझे वापर. मुलींना खरे, जिवंत दाखवायचे आहे. त्याआधी डॉक्टर काय म्हणाले ते ३१ डिसेंबरच्या आत मला लेखी कळव. फोन केलास तर उचलणार नाही. भाच्याकडून टाइप करून घेतलेस तर परत पाठवीन. तुझ्या हाताने लिही. अक्षर कसेही येऊ दे, मी वाचेन.

तुझीच, अजून रागातच,
नूतन